गोकर्णात 9 दिवस कुत्रा सांभाळताना: हाफ मूनच्या पुढे जाऊ नका

सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगतो, बाकीचं नाही वाचलं तरी चालेल. कुत्र्याला घेऊन गोकर्णात हाफ मून बीच ते पॅराडाइज बीच हा पट्टा चालू नका. सकाळी 8 नंतर तर अजिबात नाही. आम्ही चाललो, आणि 31 किलोचं जनावर खांद्यावर टाकून परत आलो.

आता पहिल्यापासून. माझा कॉलेजचा मित्र आणि वहिनी दोन वर्षांपासून गोकर्णात भाड्याच्या घरात राहतात, दोघांचंही काम घरूनच लॅपटॉपवर. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांना पुण्याला लग्नाला जायचं होतं. घरी 4 वर्षांचा लॅब्राडोर, नाव बिस्किट, आणि एक मांजर. मांजराचं काही नव्हतं, दोन वेळा वाटी भरली की झालं. बिस्किटाला मात्र एकटं ठेवता येत नाही. मित्र म्हणाला, "घर तुमचं, मुक्काम फुकट, समुद्र दारात. फक्त ह्याला सांभाळा, आणि सकाळी सर्फिंग शिका." कोल्हापूरकराला एवढं पुरतं. मी आणि माझा 19 वर्षांचा भाचा निघालो.

रस्त्याचं थोडक्यात: बेळगाव, हुबळी, कलघटगी, यल्लापूर, अरबैल घाट, अंकोला आणि तिथून खाली गोकर्ण. सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर. पहाटे 5 ला कोल्हापूरचा तावडे हॉटेल चौक सोडला तर दुपारच्या जेवणाला पोचता. अरबैल घाटात ट्रकांची रांग लागते, तिथे ओव्हरटेकची घाई करू नका. बाकी रस्त्यात लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

निघताना मी वहिनींना विचारलं होतं, की ह्याला किती चालवायचं. "भाऊजी, तो रोज ओम बीचपर्यंत जाऊन येतो, त्याला काही होत नाही." हे वाक्य खरं होतं. फक्त ते पहाटे 6 ला जातात आणि साडेसातला घरी असतात, हे मी विचारलं नाही आणि त्यांना सांगावंसं वाटलं नाही, कारण त्यांच्यासाठी ती रोजची सवय. त्यात भाच्यानं एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात कुडले बीच ते पॅराडाइज म्हणजे नारळाच्या सावलीतली सपाट पायवाट दाखवली होती. अशी पायवाट तिथे नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही सव्वानऊला निघालो. कुडले ते ओम वीसेक मिनिटं, सोपं. ओम ते हाफ मून अर्धा तास, कड्याच्या कडेनं वर-खाली, पण झाडी आहे, निभतं. हाफ मूनला बिस्किटानं पाण्यात उड्या मारल्या, आम्ही लिंबू सरबत घेतलं. साडेदहा वाजले होते. तिथेच परत फिरायला हवं होतं.

हाफ मूनच्या पुढे वाट उघड्या जांभ्या दगडावर चढते. मोठमोठे दगड, त्यांच्यामधून उतरायचं, परत चढायचं, डाव्या हाताला झाडी आणि उजवीकडे खाली समुद्र. पन्हाळा-पावनखिंड केलेल्या माणसाला ही वाट अवघड नाही, मला स्वतःला काहीच वाटलं नाही. म्हणूनच लक्षात आलं नाही. माझ्या पायात बूट होते. ओला पंजा सुकला आणि जांभ्याचा चटका लागायला लागला. बिस्किट आधी सावली शोधून थांबायचा, मग पुढचा पाय उचलून धरायचा. भाचा म्हणाला, "मामा, ह्याला काटा लागलाय बघा." पंजा उलटा करून बघितला. काळ्या गादीवरचा एक थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटला होता आणि खाली गुलाबी कातडी दिसत होती. दुसऱ्या पंज्याची तीच अवस्था व्हायच्या बेतात होती.

परत हाफ मूनला यायला आम्हाला पाऊण तास लागला. जाताना तेवढं अंतर पंधरा मिनिटांत आलो होतो. एक जण कुत्रा उचलणार, दुसरा पुढे दगडावर उभा राहून हात देणार. लॅब्राडोर खांद्यावर स्थिर बसत नाही, त्याला उतरायचं असतं, आणि उतरला तर परत भाजतो. एका ठिकाणी माझा पाय घसरला. खाली पंधरा-वीस फूट खडक होते. त्या क्षणी मी ठरवलं, की हे सगळं लिहून ठेवायचं.

हाफ मूनवरच्या एका टपरीतल्या मावशींनी विहिरीच्या पाण्याची बादली दिली. त्या कोकणीत बोलत होत्या, आम्ही मराठीत, सगळं समजत होतं. त्यांनी पैसे घेतले नाहीत. त्यानंतर बोटवाला आला. हाफ मून ते ओम, पाच-सात मिनिटांची फेरी. लंगडणारा कुत्रा बघून त्यानं 2,500 रुपये सांगितले, आणि कुत्र्याचे वेगळे 500. मी वाद घातला, शेवटी 1,800 ला तुटलं. ओमच्या पार्किंगमधून घरापर्यंत रिक्षाचे 600 गेले, कारण तिसऱ्या रिक्षावाल्यानंच कुत्रा आत घेतला. एका दुपारी 2,400 रुपये! पैशांपेक्षाही, अडलेल्या माणसाला असं पिळतात याचा मला आजही राग आहे. बोटीत पाय ठेवायच्या आधी भाव, माणसं आणि जनावर, तिन्ही बोलून घ्या. आणि सकाळी निघतानाच एखाद्या रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा, कुत्रा चालेल ना हे विचारून.

पंजा भाजला तर काय करायचं हे आता पाठ झालंय. साधं गार पाणी दहा-पंधरा मिनिटं. बर्फ नाही, हळद नाही, खोबरेल नाही. स्वच्छ कापड गुंडाळा, चालवू नका, डॉक्टरकडे न्या. आम्हाला त्यासाठी कुमट्याला जावं लागलं. जाण्याआधी मालकाकडून तीन गोष्टी घ्याच: डॉक्टरचा नंबर, रेबीजच्या लसीचं कार्ड, आणि तो रोज किती वाजता, कुठपर्यंत जातो याचं उत्तर. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. वाळू किंवा दगड तापलाय का हे बघायला तळहात उलटा करून टेकवा. सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याला त्यावर नेऊ नका.

बाकी किनाऱ्यावर कुत्र्यासाठी दोन धोके आहेत, जे कुणी सांगत नाही. एक, समुद्राचं पाणी. चेंडूमागे पोहताना लॅब्राडोर ते पितोच, मग उलट्या आणि जुलाब, जास्त पोटात गेलं तर जिवावर बेततं. दोन लिटर गोडं पाणी सोबत ठेवा आणि दर दहा मिनिटांनी पाजा. दुसरा, रापणीतून, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यातून, वाळूवर टाकून दिलेले मासे. त्यात केंड असतो, फुग्यासारखा फुगणारा. तो विषारी आहे, मेलेलाही. बिस्किटानं एक तोंडात धरला होता, भाच्यानं जबड्यात हात घालून काढला. जाळी ओढून झाल्यावर त्या बाजूला पट्टा सोडू नका. आणि घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुऊन कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड बघायचे, रोज.

आता सर्फिंग. इथेच या सगळ्या बेताची खरी अडचण आहे. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, तेच. रात्री जमीन गार होते, पहाटेपर्यंत मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि येणाऱ्या लाटेला समोरून धरून ठेवतो. लाट गुळगुळीत, उभी, सरळ येते. साडेदहा-अकरापासून खारा वारा सुटला की समुद्र चुरगळतो, नवशिक्याला काही हाती लागत नाही. म्हणजे लाटांचा चांगला वेळ पहाटे 6 ते 9. आणि कुत्र्याला फिरवायचा वेळ? तोच. संध्याकाळी ऊन उतरतं, पण वाळू बराच वेळ धग धरून असते. मित्रानं "सकाळी सर्फिंग, मग कुत्रा" सांगितलं, तिथेच गणित चुकलं होतं.

एकट्यानं गेलात तर सर्फिंग आणि कुत्रा दोन्ही होणार नाही, हा माझा स्पष्ट निकाल. दोघं हवेतच. आम्ही पाळी लावली. एक दिवस भाचा पाण्यात आणि मी बिस्किटाबरोबर, दुसऱ्या दिवशी उलटं. किनाऱ्यावर खुंटीला बांधून दोघं पाण्यात जायचा प्रयत्न एकदाच केला. तो पट्टा तोडून आमच्या मागे लाटेत आला आणि फळीखाली गेला. सर्फबोर्डची शेपटी डोक्यात बसली असती तर मालकाला काय तोंड दाखवलं असतं?

शिकायला मेन बीच घ्या. लांब, सरळ, तळाला वाळू. ओमला खडक आहेत, तिथे दर वर्षी माणसं बुडतात, नवशिक्यानं फळी घेऊन जायची ती जागा नाही. हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात कुणी कितीही सांगितलं तरी पाण्यात शिरू नका. आम्ही दीड तासाच्या शिकवणीचे माणशी 1,500 दिले. 9 फुटांची मऊ फोमची फळी मिळाली, घोट्याला दोरी. पहिला अर्धा तास वाळूवरच: पालथं पडायचं, छातीजवळ हात, एका दमात उठून आडवं उभं राहायचं. तालमीत जोर मारणाऱ्या भाच्याला हे लगेच जमलं. मला चौथ्या वेळी. कंबरभर पाण्यात, फुटलेल्या लाटेच्या फेसावर शिकवतात, आणि ते बरोबर आहे. पुढे जायचा हट्ट करू नका.

पंचगंगेत पोहायला शिकलेल्यांसाठी एक सांगतो. आपल्याला वाटतं पाणी आपल्याला कळतं. समुद्रातलं वेगळं आहे, लाट मागून येते आणि पाय जमिनीला असतानाही उचलते. पण आत ओढणाऱ्या धारेच्या बाबतीत आपली नदीची सवय उपयोगी पडते. धारेशी भांडायचं नाही, किनाऱ्याला समांतर कापत बाहेर पडायचं, मग काठ धरायचा. दोन फुटणाऱ्या लाटांमध्ये जिथे पाणी शांत, गढूळ आणि आत सरकताना दिसतं, तीच ती धार. शांत दिसतं म्हणून तिथे शिरू नका.

भरतीचा अंदाज घरच्या कॅलेंडरवरून काढा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरती किती वाजता ते कळतं. अष्टमीला सहाच्या आसपास पूर्ण भरती, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-साडेअकराच्या आसपास, रोज पन्नासेक मिनिटं पुढे. कुडलेच्या टोकाचे खडक पूर्ण भरतीला पाण्याखाली जातात, तिकडून फेरा मारायचा असेल तर वेळ बघून निघा.

मधले चार दिवस निवांत गेले. मासे खाल्ले, कोटितीर्थाच्या काठाला बसलो. आपल्याकडेही कोटितीर्थ आहे आणि कोल्हापूरलाही दक्षिण काशीच म्हणतात, त्यामुळे जरा घरच्यासारखं वाटलं. महाबळेश्वराच्या दर्शनाला पुरुषांना शर्ट काढून धोतर किंवा लुंगी नेसावी लागते, ती सोबत न्या, दारात विकत घेऊ नका. एक जण दर्शनाला, एक जण घरी बिस्किटाजवळ. महाशिवरात्रीच्या आठवड्यात रथ निघतो आणि गाव तुडुंब भरतं, कुत्रा असेल तर तो आठवडा टाळा.

पंजा भरायला सहा दिवस लागले. ते सहाही दिवस त्याला फक्त अंगणात आणि पहाटे ओल्या वाळूवर मोजा घालून नेलं, लहान मुलाचा सुती मोजा, वर सैल चिकटपट्टी. मित्राला पहिल्याच संध्याकाळी फोन करून सगळं सांगितलं. लपवू नका, मालकाला त्याच दिवशी कळलं पाहिजे. वहिनी थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "भाऊजी, वेळ सांगायची राहिली माझी."

शेवटच्या सकाळी माझी पाळी होती. 6 वाजून 40 मिनिटं, वारा जमिनीकडून, पाणी काचेसारखं. एक लाट मागून उचलली, मी उठलो, आणि किनारा जवळ येईपर्यंत उभाच राहिलो. नाद खुळा! दहा सेकंद असतील, जास्त नाही. वाळूवर भाचा ओरडत होता आणि बिस्किट चारही पायांवर उभं राहून भुंकत होतं. त्याच दिवशी दुपारी निघालो आणि अरबैल घाटात अंधार झाला. तुम्ही तसं करू नका, परतीलाही पहाटेच निघा.