सरासरी नॉर्मल, पण ४००० वर खड्डा

ठाणे-नवी मुंबईतल्या वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे इथल्या बऱ्याच कारखान्यांत वर्षाच्या मेडिकलमध्ये ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी होते. कागदाच्या तळाशी लिहिलेलं असतं, 'सरासरी २० डीबी (डेसिबल), नॉर्मल'. तेवढं वाचून कागद फाइलला लागतो. पण ही सरासरी बहुतेक वेळा ५००, १००० आणि २००० हर्ट्झ (स्वराच्या उंचीचं माप) या तीनच स्वरांवरच्या आकड्यांची असते. मशिनचा आवाज कानाला पहिला दणका देतो तो ३००० ते ६००० च्या पट्ट्यात, बहुधा ४००० वर. तो आकडा सरासरीत येतच नाही.

म्हणून आलेख स्वतः बघा. डावीकडे २५० म्हणजे खर्जातले आवाज, उजवीकडे ८००० म्हणजे अगदी बारीक. खूण जितकी खाली, म्हणजे डेसिबलचा आकडा जितका मोठा, तितकं ऐकू कमी. लाल गोल उजव्या कानाचा, निळी फुली डाव्या कानाची. समजा एका कानाचे आकडे असे आहेत: ५०० वर १५, १००० वर २०, २००० वर २५, ४००० वर ५५, ८००० वर ३०. सरासरी २०, शेरा नॉर्मल. आणि ४००० वर मात्र चांगला खड्डा. ८००० ला रेघ पुन्हा वर येते, ही आवाजाने झालेल्या इजेची खूण. वयोमानाने ऐकू कमी होतं तेव्हा रेघ उजवीकडे उतरतच जाते, परत चढत नाही.

४००० च का? बाहेरची कर्णनलिका साधारण अडीच सेंटीमीटरची, एका टोकाला पडद्याने बंद. तिच्या लांबीमुळे ३००० च्या आसपासचा आवाज आतच १० ते १५ डेसिबलने वाढतो, आणि कॉक्लियातल्या (आतल्या कानातल्या शंखातल्या) आवाज टिपणाऱ्या केसपेशींना सगळ्यात जास्त मार बसतो तो त्याच्या जरा वरच्या स्वरावर. आधी जातात त्या बाहेरच्या रांगांतल्या पेशी. एका कानात त्या साधारण १२,००० असतात आणि मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. मधल्या कानात एक स्नायू मोठ्या आवाजाला रिकीब हे इवलंसं हाड आवळून धरतो खरा, पण त्याला सेकंदाचा छोटा अंश लागतो आणि तो अडवतो मुख्यतः खर्जातले आवाज. पॉवर प्रेसचा ठोका तोवर आत पोचलेला असतो.

अशा माणसाची तक्रार ठरलेली असते: 'आवाज येतो, पण शब्द कळत नाही.' स्वर खर्जाकडचे, ते ऐकू येतात. स, श, फ, थ यांची ओळख वरच्या पट्टीत, ती हरवते. गर्दीच्या लोकलमध्ये तर विचारूच नका.

रिपोर्टवर कंसासारख्या खुणा असतील तर ती हाडाच्या मार्गाने घेतलेली चाचणी. हाडाने ऐकू नीट आणि हवेने कमी, म्हणजे दोन्हींत १० डेसिबलपेक्षा जास्त अंतर असेल, तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात: मळ, पडद्याला भोक, पाणी, रिकीब जखडणं. पडदा साधारण ५५ चौरस मिलिमीटरचा आणि रिकिबीचा तळ जेमतेम ३.२ चा, म्हणून दाब सतरा पट होतो; हाडांच्या तरफेने तो बावीस पटीच्या आसपास जातो. ही साखळी तुटली किंवा अडली की तेवढी वाढ बुडते. हे बरेचदा दुरुस्त होतं. दोन्ही रेघा एकत्रच खाली असतील तर दोष आतल्या कानात.

आता रिपोर्टवर विश्वास किती ठेवायचा. चाचणी कँटीनशेजारच्या खोलीत, कॉम्प्रेसर चालू असताना झाली, तर २५० आणि ५०० च्या खुणा उगाच खाली घसरतात. एकाच दिवशी सगळ्यांचेच दोन्ही कान २५० ला ३० दाखवत असतील तर दोष खोलीचा. उलट, पाळी संपवून थेट चाचणीला बसलं तर ४००० तात्पुरता आणखी खाली जातो. आधी किमान १४ तास गोंगाटापासून लांब राहा. रात्रपाळीनंतर चाचणी नकोच. कानात मळ असेल तर आधी डॉक्टरांकडून काढून घ्या. बड घालू नका, मळ आत ढकलला जातो. आणि पावसाळ्यात तेल तर मुळीच नको. दमट कानात बुरशी धरते, तिचे काळे ठिपके कान दाखवायला आलेल्या कितीतरी जणांत दिसतात.

फोमचा प्लग कसा घालायचा हे कुणी शिकवत नाही. स्वच्छ हातांनी तो वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. समोरून बघताना अर्धा बाहेर दिसला तर तो नुसता शोभेला. आठ तासांपैकी चार तास काढून ठेवला, तर ३० डेसिबलचा प्लगही सरासरीत जेमतेम ३ ते ५ डेसिबलचंच संरक्षण देतो.

कारखान्यातल्या आवाजाची कायद्याची मर्यादा आठ तासांना ९० डीबी, ९५ ला चारच तास. आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्याने अधिसूचित, म्हणजे सरकारला कळवावा लागणारा आजार आहे, त्यामुळे कामाला लागतानाच्या पहिल्या चाचणीची झेरॉक्स मागून घ्या; पुढची तुलना तिच्याशीच होते.

एकाच कानात खड्डा असेल किंवा एका कानात वाजत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. आणि एक-दोन दिवसांत अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं तर मळ असेल म्हणून थांबू नका. त्यावरचं स्टेरॉइड लवकर सुरू झालं तरच उपयोगाचं. पहिल्या दोन आठवड्यांनंतर त्याचा फायदा झपाट्याने घटतो.