तुम्ही विचारलंत म्हणून: हायड्रोजनच्या गाडीला मी ‘नको’ का म्हणतो

"तुम्ही स्वतः हायड्रोजनमध्ये काम करता, मग हायड्रोजनच्या गाड्यांना विरोध कशाला?" हे इतक्या जणांनी विचारलंय की एकदाचं लिहूनच टाकतो.

मी खत कारखान्यात, अमोनिया प्लांटवर आहे. खतासाठी लागणारा अमोनिया हायड्रोजनपासूनच बनतो; तो हायड्रोजन आम्ही रोज करतो, नैसर्गिक वायू आणि वाफेपासून. एका किलोमागे 9-10 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जानेवारी 2023मध्ये केंद्राने हरित, म्हणजे सौर-पवनसारख्या स्वच्छ ऊर्जेवर केलेल्या हायड्रोजनचं 19,744 कोटींचं मिशन मंजूर केलं, 2030पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं लक्ष्य ठेवलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. आजही आहे. मला विरोधकांत ढकलू नका.

माझं म्हणणं एवढंच आहे: पाण्यातून किलोभर हायड्रोजन काढायला 50-55 युनिट वीज लागते. तो दाबायचा, टाकीत भरायचा, गाडीत त्याची परत वीज करायची. चाकापर्यंत पंधराएक युनिट पोचतात. बॅटरीत घातली तर त्याच विजेतली निम्म्याहून कितीतरी जास्त चाकाला मिळते. आणि वीज कोळशाची असेल तर किलोमागे 40 किलोच्या पुढे कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आमच्या आजच्या प्लांटपेक्षा चौपट. सौर विजेचा हायड्रोजन आधी खताला द्या. तिथे बॅटरी चालत नाही.

हे मी सगळ्यांना सांगतो. पुढचं सांगत नाही.

काही वर्षांपूर्वीची सकाळची शिफ्ट. लख्ख ऊन. कॉम्प्रेसरच्या पुढच्या लाइनीवर, नुकत्याच बसवलेल्या फ्लँजपाशी (दोन पाइप बोल्टांनी जोडतात तो सांधा) सुरसुर आवाज येत होता. शेजारूनच वाफेची लाइन जाते, मी वाफच धरून चाललो. हेल्परला म्हटलं, "जा रे, बघून ये." तो पान्हा घेऊन गेला. त्याने हात पुढे केला आणि बाही काळी पडायला लागली. ज्वाळा नाही, धूर नाही, काहीच नाही. कापड आपोआप आक्रसत होतं आणि तो ओरडत होता. हायड्रोजनची ज्योत उन्हात दिसत नाही, लांबून झळही फारशी लागत नाही. अशा वेळी झाडू पुढे धरून चालायचं, काड्या पेटल्या की ज्योत कळते, हे नव्या पोरांना मीच शिकवायचो. झाडू दहा पावलांवर भिंतीला टेकवलेला होता.

त्याची दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत.

त्याआधी मी शाळांमध्ये जाऊन सांगायचो, "जळल्यावर फक्त पाणी उरतं, मुलांनो!" ते खोटं नव्हतं. पण त्यानंतर मी एकाही शाळेत गेलो नाही, आणि गाड्यांविरुद्ध बोलायला लागलो तेही त्यानंतरच. युनिटांचा हिशेब मला आधीही पाठ होता. मग तेव्हा गप्प का होतो? तेव्हाचा मी आज समोर आला तर म्हणेल, चूक तुझी होती, वायूची नव्हती. पेट्रोलनेही माणसं भाजतातच की. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. हिशेब मात्र अजूनही बरोबरच आहे, तो मी मागे घेणार नाही.

लांब पल्ल्याच्या अवजड ट्रकांचं विचाराल, तर तिथे माझं मन अजून डळमळतं. बॅटरीचं वजन बघितलं की हायड्रोजन पटायला लागतो. मग टाकी भरायच्या नळीपाशी उभा असलेला पोरगा डोळ्यांपुढे येतो, आणि मी विषय बदलतो.