मीटलोफची ग्रेव्ही: करड्या कणांचा निकाल लागला

रविवारची ग्रेव्ही गुळगुळीत उतरली, आणि तिचा तपकिरी रंग बाटलीतला नव्हता. इथलं माझं रडगाणं ज्यांनी पहिल्यापासून ऐकलंय त्यांना या वाक्याचं मोल कळेल.

नव्यांसाठी थोडक्यात. थँक्सगिव्हिंगच्या टर्कीची ग्रेव्ही कुणालाही जमते, कारण ट्रेच्या तळाला भरपूर खरवड असते. मीटलोफ म्हणजे पावासारखा आकार देऊन ओव्हनमध्ये भाजलेला खिमा. तापला की तो चरबी आणि रस तर सोडतोच, शिवाय त्यातली विरघळलेली प्रथिनंही बाहेर येऊन गोठतात. लोफच्या कडेने जो करडा साका दिसतो तो हाच. हा साका रूमध्ये (चरबीत परतलेल्या मैद्यात) गेला की व्हिस्क हात दुखेपर्यंत फिरवा, कण जात नाहीत. मागच्या वेळी मुलीने पहिल्याच घासाला विचारलं, "आई, ग्रेव्हीत रवा घातलायस का?"

त्यात भर म्हणजे लोफ जितका चांगला तितका ग्रेव्हीचा दुष्काळ. दुधात भिजवलेला ब्रेड घातला की लोफ मऊ राहतो, पण तो ब्रेडच सगळा रस धरून ठेवतो. ९०० ग्रॅम खिम्यामागे (२० टक्के चरबीचं बीफ, त्यात थोडं पोर्क) ट्रेमध्ये जेमतेम अर्धा कप उतरतं, आणि त्यातही बराचसा तवंगच. वरून केचपचं ग्लेझ (गोड लेप) ओघळून खाली जळतं, म्हणजे जे काही हाती लागतं ते गोड आणि कडू. लोफ पॅनमध्ये, म्हणजे पावाच्या उंच साच्यात, भाजणाऱ्यांची गत आणखी वाईट. तिथे मीटलोफ स्वतःच्या रसात उकडतो आणि खरवड धरतच नाही.

तुम्ही सुचवलेलं बरंच काही करून पाहिलं. गाळलं तर कणांबरोबर चवही गेली. ब्लेंडरमध्ये फिरवलं तर कण बारीक झाले, पण रंग सिमेंटसारखा आणि वर फेस. फॅट सेपरेटर (रसावरची चरबी वेगळी करणारा जग) घेतला. त्याच्या जाळीची भोकं इतकी मोठी की साका आरामात खाली उतरतो, आणि बूच पहिल्या दिवसापासून गळतंय. ब्रँडचं नाव घेत नाही, पण बुडाला तोटी असलेला साधा जग त्यापेक्षा बरा.

उपाय सापडला तो साका काढून टाकण्यात नाही, तर त्यालाच भाजण्यात. ट्रेमधलं सगळं, म्हणजे चरबी, रस, करडे गोळे, स्टीलच्या कढईत ओतलं आणि मध्यम आचेवर ठेवलं. आधी नुसता फेस आणि तडतड. पाणी उडून जातंय तोवर हे चालणारच, ढवळायची घाई करू नका. मग आवाज मंदावतो, बुडबुडे बारीक होतात, गोळे तळाला बसून चिकटतात आणि करड्याचे बदामी व्हायला लागतात. वरची चरबी इतकी नितळ होते की कढईचा तळ दिसतो. लोणी कढवताना बेरी खाली बसून तूप वर निवळतं, अगदी तसं. बेरी बदामीची तपकिरी झाली की आच बंद. त्यानंतर अर्धा मिनिट जरी जास्त झालं तरी कडवट वास येतो.

नितळ चरबी एका वाटीत काढून घेतली. कढईत अर्धा कप स्टॉक (हाडं-मांस उकळून काढलेलं पाणी) घालून लाकडी उलथण्याने तळ खरवडला आणि बारीक गाळणीतून ओतला. गाळणी तीच, पण आता चव द्रवात उतरलेली. गाळणीत उरलेला चोथा चाखून पाहिला, अगदी बेचव होता. फेकून दिला. हे काम नॉनस्टिकमध्ये होत नाही, काही चिकटतच नाही. बिडाच्या कढईत होतं, पण काळ्या तळावर बेरीचा रंग कळत नाही, म्हणून माझं मत स्टीललाच.

ग्लेझचा गुंताही याच ओघात सुटला. लोफ ३५० फॅरनहाइटला भाजते. आतलं तापमान १४० च्या आसपास आलं की दोन रुंद उलथण्यांनी उचलून दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवते, ग्लेझ लावते आणि परत ओव्हनमध्ये सारते. खिमा १६० ला पोचायलाच हवा, त्यात सूट नाही. तेवढ्या वेळात पहिल्या ट्रेमधला बिनसाखरेचा रस गॅसवर कढतो, पुढे लोफ दहा-पंधरा मिनिटं मुरेपर्यंत रू होतो. सगळं एकदम टेबलावर.

हे लिहितानाच सुचतंय: लोफ उचलायचा खटाटोप कशाला? टर्कीचा बास्टर (रस ओढून घ्यायची फुग्याची नळी) वर्षभर ड्रॉवरमध्ये पडून असतो. त्याने रस ओढून घ्यायचा आणि ग्लेझ जागच्या जागी लावायचं. पुढच्या रविवारी हेच. दोन उलथण्यांचा बेत रद्द समजा.

आता रू. दोन कप द्रवाला चार टेबलस्पून चरबी आणि चार टेबलस्पून मैदा हे इथलं सर्वमान्य माप, पण ते फिकट रूसाठी. मला रंग हवा म्हणून मैदा शेंगदाण्याच्या सालीच्या रंगावर येईपर्यंत परतते. जितका भाजाल तितकं स्टार्च तुटतं आणि ग्रेव्ही दाट करायची त्याची ताकद कमी होते. म्हणून ग्रेव्ही पातळच राहिली. मैदा वाढवला तर चरबीही वाढवावी लागते आणि वर तेल सुटतं. त्याऐवजी शेवटी वॉन्ड्रा भुरभुरवलं. १९६३ साली आलेलं हे पीठ आधीच शिजवून वाळवलेलं असतं, त्यामुळे थेट उकळत्या द्रवात पडलं तरी गुठळ्या होत नाहीत. एक टेबलस्पून पुरलं. किंमत साध्या मैद्यापेक्षा चढी आहे, पण शेवटच्या दोन मिनिटांची धावपळ वाचते. किचन बुके, म्हणजे ग्रेव्हीला रंग देणारं बाटलीतलं सॉस, मात्र कपाटात मागे गेलं. रंग देतं, पण चव जळक्या कॅरमेलची, आणि आता त्याची गरजही नाही.

स्टॉकबद्दल माझं मत बदललेलं नाही. खोक्यातला घ्यायचा तर बिनमिठाचाच घ्या, नाहीतर आटल्यावर तोंडात धरवत नाही. त्याला अंग नसतं, म्हणून दोन कपांत जिलेटिनचं एक पाकीट (सुमारे ७ ग्रॅम) गार असतानाच भिजवलं. ओठांना किंचित चिकटणारी ग्रेव्ही पहिल्यांदाच झाली.

पण याच पाकिटाने नवा घोळ घातला. गॅसवर नेमकी वाटणारी ग्रेव्ही टेबलावर पोचेपर्यंत घट्ट झाली. स्टार्च निवताना दाटतंच, त्यात जिलेटिनची भर. युकॉन गोल्ड बटाट्यांच्या मॅशमध्ये खळगा करून ओतली तर ती पसरेचना, वर सायही धरली. शेजारच्या आजींनी (जन्म, लग्न, संसार सगळं ओहायोतच) काटा उभा करून पाहिला आणि चवीचं तेवढं कौतुक केलं. आता गॅसवर ती मुद्दाम पातळ वाटेल अशीच उतरवणार, जिलेटिन अर्धं करणार, आणि ग्रेव्ही वाढायचं भांडं आधी गरम पाण्याने तापवून घेणार. घट्ट झालीच तर बटाटे उकडलेलं पाणी हाताशी ठेवायचं. त्यात मीठ असतं हे लक्षात ठेवून.

एक उलटा अनुभवही नोंदवते. उरलेल्या कोमट ग्रेव्हीत कुणीतरी उष्टा चमचा बुडवला आणि ती वाटी सकाळी पाणी झाली होती. लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडतं. उकळत्या पातेल्यात ते निकामी होतं, कोमट वाटीत होत नाही. आमच्या घरी उष्ट्याचा नियम आता शास्त्राधारित आहे.

ज्यांना बीफ चालत नाही त्यांनी टर्कीच्या खिम्याचं विचारलं होतं. टर्कीच्या खिम्यातून चरबी फारशी निघत नाही, त्यामुळे कढवायला काही उरतच नाही. त्याला लोफखाली कांद्याच्या जाड चकत्या पसरून थोडं बटर घालून बघणार आहे, बेरी कांद्याची होईल. टर्कीला १६५ लागतं, विसरू नका. बास्टरचं जमलं की दोन्ही एकाच नोंदीत लिहीन. मॅशसाठी रायसर बरा की फूड मिल, हा वाद मात्र वेगळा ठेवूया. फूड प्रोसेसर म्हणणाऱ्यांना आधीच सांगते, त्यातून बटाट्याची खळ निघते.