तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या जिप्सीत गिअर ऑइल कुठलं टाकायचं?

सोलापुरात विजापूर रोडला पेट्रोल भरायला थांबलो काय नाहीतर सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसात होम मैदानाकडं गाडी लावली काय, माझी १९९८ ची मारुती जिप्सी बघून कोण ना कोण जवळ येतंच. त्यातल्या ज्यांच्याकडं स्वतःची जुनी जिप्सी नाहीतर महिंद्राची जीप आहे त्यांचा प्रश्न ठरलेला, "दादा, नव्वद नंबरचा एकच डबा आणून सगळीकडं टाकला तर चालतंय का?" रस्त्यावर उभ्या उभ्या ह्याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून आज निवांत बसून लिहितोय.

नाही चालत. म्हणजे गाडी चालते, महिनोन् महिने काही कळतही नाही, पण आत नुकसान चालू असतंय.

फोर बाय फोरमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणाऱ्या गाडीत, गिअर ऑइल चार ठिकाणी असतं. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडं वाटणारा), आणि ती ताकद डाव्या-उजव्या चाकांना देणारे पुढचा डिफ्रेन्शियल आणि मागचा डिफ्रेन्शियल. चारही डब्यात दातच फिरतात, मग ऑइल एकच का नको, असं वाटणं साहजिक आहे. पण प्रत्येकाच्या आत काम वेगळं आणि धातू वेगळा. डिफ्रेन्शियलमध्ये क्राऊन-पिनियन असतं, म्हणजे एक मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं छोटं, तिथं पिनियन क्राऊनच्या मध्यावर नसतो, थोडा बाजूला सरकवलेला असतो, त्यामुळं दात एकमेकांवर नुसते गडगडत नाहीत, घासत घासत सरकतात, आणि सगळ्या गाडीचा लोड त्या बोटभर दातांवर. तिथं साधी ऑइलची फिल्म टिकत नाही. म्हणून ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची रसायनं घालतात, ती गरम झाली की लोखंडाच्या दातावर एक पातळ थर धरतात, तो थर झिजतो आणि दात वाचतो. असलं भरपूर रसायनवालं ऑइल म्हणजे जीएल-५. डबा उघडला की नाकात जो उग्र वास जातो तो त्या गंधकाचाच.

आता गिअरबॉक्स. तिथं गिअर बदलताना दोन वेगवेगळ्या स्पीडनं फिरणारे भाग एकमेकांना जुळवून घेतात ते सिंक्रोनायझर रिंगमुळं, आणि जुन्या गाड्यांत ती रिंग पितळी असते. लोखंडाला वाचवणारं तेच गंधक पितळेतल्या तांब्याला धरतंय. रिंग काळी पडते, वरचा पापुद्रा झिजून ऑइलमध्ये जातो, परत नवा काळा थर, परत झीज. शिवाय रिंगला काम करायला थोडी पकड लागते, ती गिअरच्या कोनावर दाबून त्याचा स्पीड कमी-जास्त करते, ऑइल जास्तच घसरडं झालं तर रिंग नुसती फिरत राहते. म्हणून गिअरबॉक्सला जीएल-४, त्यात ती रसायनं साधारण निम्मीच असतात.

हे मी खर्च करून शिकलोय. गाडी घेतली तेव्हा तिसऱ्यावरून दुसरा टाकताना खर्रर्र आवाज यायचा, डबल क्लच केल्याशिवाय, म्हणजे मध्ये न्यूट्रल करून क्लच दोनदा दाबल्याशिवाय, पडायचाच नाही. आधीच्या मालकानं एका गॅरेजमध्ये चारी ठिकाणी डिफ्रेन्शियलचंच ऑइल भरून घेतलं होतं, ते पण एकशेचाळीस नंबर, आवाज दबावा म्हणून. शेवटी आमच्या मिस्त्रींनी बॉक्स खोलला आणि दुसऱ्या गिअरची रिंग पेपरवर काढून ठेवली. मी तिला पितळ म्हटलंच नसतं, चुलीवरच्या तव्याच्या बुडासारखी काळपट झाली होती. आतल्या बाजूला बारीक आट्या असतात, त्या ऑइल कापतात आणि पकड देतात, त्यावर नख फिरवलं तर नख कुठं अडकलंच नाही, सगळं गुळगुळीत. शेजारी नवी रिंग ठेवली, ती सोन्यासारखी पिवळी आणि नख फिरवलं की कर्रकर्र वाजणारी. रिंग काही फार महाग नाही, पण तिच्यासाठी अख्खा बॉक्स उतरवायला लागतो आणि मजुरी तिथंच जाते.

ते एकशेचाळीसचं खूळ पण डोक्यातून काढा. जाड ऑइलनं घासलेल्या बेअरिंगचा आवाज दबतो, बेअरिंग काही बरं होत नाही. आवाज हा गाडीचा निरोप असतो, तो दाबून टाकला की पुढचं कळतंय ते थेट बेअरिंग फुटल्यावर. सकाळी गार गाडीत जाड ऑइलमधून रिंगला काम करायला आणखीच जड जातं.

नंबरचं एक सांगतो, कारण ह्यात भलेभले फसतात. गिअर ऑइलचा नंबर आणि इंजिन ऑइलचा नंबर ही वेगवेगळी मापं आहेत. गिअरचं ९० म्हणजे जाडीला इंजिन ऑइलच्या साधारण ४० ते ५० एवढंच. आणि ७५डब्ल्यू, ८०डब्ल्यू ही पुढची अक्षरं थंडीची. ८०डब्ल्यूची परीक्षा उणे २६ अंशाला होते, ७५डब्ल्यूची उणे ४० ला. आपल्या सोलापुरात थंडी पडून पडून किती पडणार, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर! त्यामुळं ८०डब्ल्यू-९० आपल्याला पुरतंय. मी गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू-९० जीएल-४ टाकतो कारण सकाळी पहिले दोन-चार गिअर हलके पडतात, ट्रान्सफर केसला पण तेच, आणि दोन्ही डिफ्रेन्शियलना ८०डब्ल्यू-९० जीएल-५. गाडीचं मॅन्युअल असेल तर माझ्यापेक्षा त्याचं ऐका. डब्यावर काही वेळा जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही छापलेलं असतं, पितळेला चालतं असंही लिहिलेलं असतं, काही खरोखर चांगली असतील, पण माझ्या बॉक्समध्ये मी ते घालत नाही. दुकानदाराला नुसतं "नव्वद द्या" म्हणू नका, तो समोरचा डबा उचलून देतो आणि त्यात बहुतेक वेळा जीएल-५ असतंय.

पुढच्या डिफ्रेन्शियलकडं बरेच लोक ढुंकून बघत नाहीत, "आपण फोर बाय फोर टाकतच नाही" म्हणतात. माझ्या गाडीला फ्री-व्हील हब (पुढची चाकं आतल्या गिअरपासून सोडवणारे) नाहीत, म्हणजे टू-व्हील ड्राइव्हमध्ये पण पुढचं क्राऊन-पिनियन चाकाबरोबर फिरतच असतं. लोड नसेल, पण ऑइल जुनं होतंय, पाणी जातंय.

पाण्याचं तर खास सांगायचंय. पावसाळ्यात सीनेकाठच्या एका मळ्यात गेलो होतो, काळी माती, वाटेत ओढा, गुडघाभर पाणी. गाडी तासभर पळून तापलेली होती. तापलेलं हौसिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि बाहेरचं ओढून घेते. ह्यासाठी हौसिंगवर ब्रीदर असतो, तिथून हवा आत-बाहेर होते, पण माझा चिखलानं बुजलेला होता, म्हणून सीलमधून पाणी आत गेलं. आठवड्यानं डिफ्रेन्शियलचा खालचा नट काढला तर ऑइल दुधाळ, घट्ट चहासारखं. बेअरिंगला गंज धरायच्या आत निघालं म्हणून वाचलो. तेव्हापासून पाण्यात गाडी गेली की दोन-चार दिवसात नट ढिला करून पहिले थेंब बघतो, पाणी जड असतं, तळाला बसतं, म्हणून आधी तेच येतं. आणि ब्रीदर साफ, दर पावसाळ्याआधी.

ऑइल काढल्यावर नटाच्या चुंबकावर काळी मऊ पेस्ट दिसली तर घाबरू नका, तेवढी झीज होतेच. बोटाला टोचणारा तुकडा लागला तर मात्र खोलायलाच पाहिजे. मागच्या ड्रमच्या आतून ऑइल ओघळलेलं दिसलं तर सील गेलंय, ब्रेकचं लायनर ओलं झालं की ब्रेक धरणार नाही, ते आधी करा, ऑइल नंतर.

बदलताना गाडी थोडी फिरवून आणा, ऑइल कोमट झालं की गाळासकट येतं. गाडी सपाट जागेवर लावा. आणि खालचा नट सोडायच्या आधी वरचा, भरायचा नट सुटतोय का ते बघा. वर्षानुवर्षं न उघडलेला तो नट जाम झालेला असतोय, आणि खालून सगळं ऑइल सांडून बसलात आणि वरचा नट गोल झाला तर गाडी जागची हलवता येत नाही. वरचा सुटला, मगच खालचा. मग खालचा घट्ट बसवून त्या वरच्या भोकातून ऑइल बाहेर ओघळायला लागेपर्यंत भरा, आणि ओघळणं थांबलं की नट लावा.