'ॲनिमल्स'च का, हे तुम्ही विचारलेत म्हणून

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा सर्वोत्तम अल्बम कोणता, या प्रश्नाला मी 'ॲनिमल्स' असे उत्तर दिले की समोरचा माणूस दोनपैकी एक आक्षेप घेतो. एक तर 'तुम्हाला नेहमी चारचौघांपेक्षा वेगळे काहीतरी सांगायचे असते' असे म्हणतो, नाहीतर 'पण त्यात राइट कुठे आहे?' असे, म्हणजे बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट याच्याबद्दल, विचारतो. रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर भेटणाऱ्या तरुण मंडळींनी हे दोन्ही आक्षेप इतक्या वेळा घेतले आहेत, आणि माझे उत्तर अर्ध्यावर तोडून इतक्या वेळा विषय त्याच बँडच्या 'डार्क साइड' या अल्बमकडे वळवला आहे, की एकदाचे सविस्तर लिहून टाकावे असे मी ठरवले.

वेगळे दिसण्याची हौस असती, तर मी सुरुवातीपासूनच 'ॲनिमल्स'चे नाव घेतले असते. कोल्हापुरात आमच्या पिढीला हे अल्बम प्रसिद्धीच्या क्रमाने मिळालेच नाहीत. कोणाचा तरी भाऊ मुंबईहून येताना नव्वद मिनिटांची कॅसेट भरून आणायचा. तिच्या एका बाजूला 1973 चा 'डार्क साइड ऑफ द मून' आणि दुसऱ्या बाजूला 1975 चा 'विश यू वेअर हिअर' असे. मग कधीतरी 1979 चा 'द वॉल' आला, आणि 'विश यू वेअर हिअर' व 'द वॉल' यांच्या मधला, जानेवारी 1977 चा 'ॲनिमल्स' सर्वात शेवटी हाती लागला. तोपर्यंत मी 'डार्क साइड'च्या बाजूने, पेठेच्या फुटबॉल संघासाठी भांडावे तसा भांडत होतो. त्या वेळच्या माझ्याकडे मुद्दे चांगले होते. बँडमधल्या चौघांचीही नावे रचनाकार म्हणून या अल्बमवर आहेत, ड्रमर निक मेसनचेसुद्धा. त्रेचाळीस मिनिटांत एकही जागा रिकामी नाही. आणि 1973 ते 1988 या काळात तो अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत 741 आठवडे होता. यातला एकही मुद्दा मला आज खोडता येत नाही.

त्या वेळच्या तरुण स्वतःला मी इतकेच सांगेन की 'डार्क साइड'मध्ये दोषी कोणीच नाही. वेळ निसटतो, पैसा माणसाला बिघडवतो, मरण येते, डोके फिरते; हे सगळ्यांचेच होते, म्हणून तो अल्बम सगळ्यांना आपला वाटतो. 'ॲनिमल्स' मात्र बोट दाखवतो. सतरा मिनिटांच्या 'डॉग्ज'मध्ये बँडचा बेसवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्स एका माणसाला तरुणपणापासून धरतो, विश्वास कसा संपादन करायचा आणि पाठ फिरली की घाव कसा घालायचा हे त्याला शिकवले जाताना दाखवतो, आणि म्हातारपणी त्याच्याच ओझ्याने त्याला बुडवतो. शिरोली एमआयडीसीत एका कारखान्याच्या खरेदी विभागात मी नोकरी केली. छोट्या जॉबवर्कवाल्याची बिले मुद्दाम अडकवून ठेवायची, तो मेटाकुटीला आला की दर पाडून घ्यायचा आणि वर त्याच्याच खांद्यावर हात टाकून चहा पाजायचा, असा माणूस मला तेथे रोज भेटत होता. त्या माणसाबद्दल मी ऐकलेले सर्वात खरे संगीत 'डॉग्ज' हे आहे. मला हा अल्बम श्रेष्ठ वाटतो याचे अर्धे कारण हे आहे, आणि ते संगीताबाहेरचे आहे असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही.

उरलेले अर्धे कारण निव्वळ कानाचे आहे. डेव्हिड गिल्मोरची गिटार इतकी धारदार दुसरीकडे कुठेही लागलेली नाही. 'डॉग्ज'च्या मध्यावर सगळे थांबते आणि एका शब्दाचा प्रतिध्वनी पुन्हा पुन्हा फिरत राहतो. त्याच्याखाली सिंथेसायझरचे लांब स्वर पसरत जातात आणि लांबून कुत्र्यांचे भुंकणे येते. ही मिनिटे कंटाळवाणी आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी 'द वॉल'ला पहिला क्रमांक खुशाल द्यावा. तो दोन तबकड्यांचा अल्बम एका माणसाचे आत्मचरित्र म्हणून थोर आहे, मात्र तो बँडचा अल्बम नाही. 1971 च्या 'मेडल'मधील तेवीस मिनिटांच्या 'एकोज'साठी भांडणाऱ्यांशी माझे भांडण नाही. तबकडीच्या एका बाजूला एवढे मोठे काम आहे की दुसऱ्या बाजूची उणीव ते भरून काढते.

आता दुसरा आक्षेप. तो माझ्यापुढे सर्वात आधी ज्याने मांडला, तो माझा जवळचा मित्र होता. तो ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. गणपतीच्या दिवसांत त्याला एकही रात्र मोकळी नसायची, आणि एरवी तो भक्तिगीतांच्या कॅसेटींसाठी वाजवायचा. राजारामपुरीत आमच्या गच्चीवर आम्ही पाच-सहा जण टू-इन-वन घेऊन बसत असू. त्याचा आदर्श रिचर्ड राइट, म्हणून त्याचा पहिला क्रमांक 'विश यू वेअर हिअर'ला.

एका वर्षी चैत्रातल्या यात्रेच्या आधी जोतिबाच्या गाण्यांची एक कॅसेट निघाली. तिच्यातल्या दोन गाण्यांचे सुरुवातीचे म्युझिक पीस पूर्णपणे त्याचे होते, बाकीच्या गाण्यांमधल्या जागाही त्यानेच भरल्या होत्या, आणि गायकांना चाली पक्क्या करून देण्यासाठी तो रात्र-रात्र बसला होता. त्याचे पाकीट त्याला मिळाले. यात्रा संपल्यानंतरच्या आठवड्यात तो गच्चीवर आला तेव्हा मी 'ॲनिमल्स'मधले 'शीप' लावले होते. ते गाणे इलेक्ट्रिक पियानोने उघडते. मेंढ्यांचे आवाज येत असतात, आणि पियानो एकटाच, कोणतीही घाई न करता, एखाद्या जॅझच्या मैफलीत बसल्यासारखा फिरत राहतो. मग खालून बेस सरकत येतो आणि सगळे एकदम उसळते. मी म्हणालो, "बघ, राइट."

तो म्हणाला, "नाव कुठाय त्याचं?"

'ॲनिमल्स'वर राइटचे नाव रचनाकार म्हणून एकाही गाण्याला नाही. 'डॉग्ज' वॉटर्स आणि गिल्मोर यांचे, बाकी सगळे एकट्या वॉटर्सचे. मी उत्तर दिले, "नाव नसलं म्हणून काय झालं? वाजवलंय त्यानंच, आणि ते ऐकू येतंय की."

त्याने शर्टाच्या खिशातून त्या जोतिबाच्या कॅसेटचे कार्ड काढले. गुळगुळीत कागद, वर गुलालाची उधळण, पिवळी ठसठशीत अक्षरे. घड्या उलगडून त्याने ते माझ्यासमोर धरले. संगीत म्हणून एकच नाव होते. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव होते, कोरसमधल्या मुलींची नावे होती, निर्मात्याच्या वडिलांच्या स्मृतीस अर्पण केल्याची ओळ होती. "हेही ऐकू येतंय," तो म्हणाला. "डोंगरावर दिवसभर वाजत होतं. आईला सांगितलं, हे मी बसवलंय. ती म्हणाली, मग तुझं नाव का नाही?"

मी तरीही माघार घेतली नाही. अल्बम चांगला की वाईट हा एक प्रश्न, आणि त्याच्यावर नाव कोणाचे हा दुसरा प्रश्न, असे मी त्याला समजावत राहिलो. तो थोडा वेळ ऐकत बसला आणि उठून गेला. त्यानंतर तो गच्चीवर आला नाही. आमचे बोलणे बंद झाले नाही, एकमेकांच्या घरच्या कार्यांना आम्ही जातो, पण फ्लॉइड हा विषय आमच्यात बरीच वर्षे निघाला नाही.

त्या संध्याकाळी मी जे बोललो ते मला आजही पटते. श्रेय पाहून संगीत तोलायचे ठरवले, तर रचणाऱ्याचे नाव हरवलेल्या ओव्या आणि लावण्या आपण कोणत्या तोंडाने ऐकायच्या? पण हेही खरे की मी खरेदी विभागातला माणूस. माझे नाव कुठे छापले जाण्याचा किंवा न छापले जाण्याचा प्रश्नच कधी आला नाही, त्यामुळे ते वाक्य उच्चारायला मला काहीच लागले नाही. बिले अडकवणाऱ्या माणसाचा मला राग येत होता, आणि नाव अडकवलेल्या माणसाला मी तत्त्व सांगत होतो. ही दोन टोके कशी जुळवायची, ते मला अजून जमलेले नाही.

त्याच्या बाजूने पुरावे वाढतच गेले. 'डॉग्ज' आणि 'शीप' ही गाणी बँडने 1974 मध्येच वेगळ्या नावांनी मंचावर वाजवली होती, म्हणजे ती चौघांच्या हातांखाली घडली होती. मानधनाची वाटणी गाण्यांच्या संख्येवर होती, त्यामुळे जेमतेम दीड-दीड मिनिटांच्या दोन तुकड्यांत विभागलेले 'ॲनिमल्स'मधले एक छोटे गाणे दोन गाणी म्हणून मोजले गेले आणि वॉटर्सला फायदा झाला. 1979 मध्ये 'द वॉल'च्या वेळी राइटला बँडमधून काढले गेले, आणि त्यानंतरच्या कार्यक्रमांत तो पगारी वादक म्हणून वाजवत होता. हे सगळे 'ॲनिमल्स'पासून सुरू झाले, असे माझा मित्र म्हणतो, आणि त्याला खोटे कसे म्हणू?

पण माझ्याकडेही एक मुद्दा आहे, आणि तो ऐकून घेण्याचा संयम कोणी दाखवत नाही. 'डार्क साइड'मधल्या शब्दांविना गायलेल्या त्या गाण्यासाठी क्लेअर टोरी या गायिकेला जानेवारी 1973 मध्ये तीस पौंड मिळाले. त्या गाण्यावर रचनाकार म्हणून तीस वर्षे एकच नाव होते, आणि ते राइटचे होते. तिने 2004 मध्ये दावा केला, 2005 मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली, आणि तेव्हापासून तिचे नाव त्याच्या शेजारी छापले जाते. श्रेयाची फूटपट्टी लावायची तर ती सगळ्यांना लावावी लागेल. मग 'डार्क साइड'ही खाली येईल आणि ज्याच्यासाठी आपण भांडतो तो राइटही. हे मी मित्राला एका लग्नाच्या पंगतीत बोलून दाखवले. तो म्हणाला, "येऊ दे की खाली. निदान तिचं नाव तरी आलं."

2022 मध्ये 'ॲनिमल्स'चे नवे ध्वनिमिश्रण (रिमिक्स) प्रसिद्ध झाले. जुन्या कॅसेटवर गिटारच्या भिंतीमागे दबलेले कीबोर्ड त्यात मोकळे झाले आहेत, आणि राइटचा हात मी पूर्वी सांगत होतो त्याहून जास्त जागी ऐकू येतो. माझा दावा त्याने भक्कम झाला असे मला वाटते. मी 'शीप' मित्राला पाठवले. त्याने लिहिले, "आवाज स्वच्छ आलाय. कार्डावर काय छापलंय?" कार्डावर पूर्वीचेच छापलेले आहे.

त्याने पुढे आणखी लिहिले होते. 'विश यू वेअर हिअर'मधल्या त्या नऊ भागांच्या लांब रचनेचा शेवटचा भाग एकट्या राइटच्या नावावर आहे. अल्बम त्याच्यावर, एकही शब्द न गाता संपतो, आणि जाता जाता बँडच्या पहिल्या दिवसांतल्या एका गाण्याची ओळ सिंथेसायझरवर वाजते. ज्या अल्बमने शेवटचा शब्द या माणसाला दिला, तोच पहिला, असे त्याचे म्हणणे. मला मात्र तो नववा भाग नऊ भागांतला सर्वात सैल वाटतो, आणि हे मी त्याला कळवले आहे. त्याचे उत्तर अजून यायचे आहे.