वेळासची पिल्लं आणि सुप्याचा भुंगेरा

"बाबा, ही पाठ उघडून उडतात का?"

कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर, सकाळी सातला, दोरीच्या अलीकडे उकिडवं बसून, कासवाच्या पिल्लांकडे बघत लेकाने विचारलं. आजूबाजूचे हसले. मला मात्र प्रश्नाचं मूळ ठाऊक होतं.

गेल्या पावसाळ्यात आम्ही सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा बघायला गेलो होतो. चिंकारा दिसला तो लांबून, पळताना. जवळून भेटला तो भुंगेरा: काळाकुळकुळीत, पाठीवर सहा पांढरे ठिपके, पायवाटेवरून तुरुतुरु चाललेला. लेक खाली वाकला तसा मित्राने त्याला मागे ओढला. "तोंड लांब ठेव, पिचकारी मारतो!" मुंगीच्या अंगात असतं ते फॉर्मिक आम्लच हा मागून उडवतो. भुंगेऱ्याची टणक पाठ म्हणजे खरं तर त्याचे पुढचे पंख, हेही तिथेच कळलं. पण याचे चिकटलेले. उडणं बंद, सगळं आयुष्य पायी.

आणि आता घरट्यावरची टोपली उचलल्यावर वाळूत वळवळणारी, ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची अकरा पिल्लं. मापाने तेवढीच, चारेक सेंटिमीटर. रंगही तसाच काळपट. पोराची गल्लत व्हायचीच.

कासवाची पाठ कशी उघडणार? ती त्याच्याच बरगड्या आणि पाठीचा कणा मिळून झालेली. चित्रपटात कासव कवच काढून ठेवतं, ते सगळं खोटं. शिवाय समुद्री कासवाला डोकं-पाय आत ओढताही येत नाहीत. पिचकारी नाही, लपणं नाही. एका घरट्यात शंभराच्या वर अंडी असतात ती उगाच नाही. तीही पूर्वी माणसं पळवायची. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. आज पुण्यामुंबईची माणसं इथे घराघरांत राहून उकडीचे मोदक खातात ते त्यामुळे. (मोदकांसाठी पुन्हा जायला माझी हरकत नाही.)

दहा पिल्लं लाटेत गेली. अकरावं एका खळग्यात उलटं पडलं, पोट वर, वल्ही हवेत. लेक उठायला लागला, तसे तिथले काका म्हणाले, "राहू दे रे, लाट येतेय."

पहिली लाट अलीकडेच विरली. दुसरीने त्याला सुलटं केलं, तिसरीनंतर ते दिसलं नाही.

"भुंगेरा असता तर चावला असता लाटेला," लेक म्हणाला.