'तेटेधा'पाशी अडलेला कायदा: रियाजाचे चार आठवडे

तबल्यावर दिल्ली बाजाचा (दिल्ली घराण्याच्या वादनशैलीचा) 'धाधातेटे धाधातूना, तातातेटे धाधाधीना' हा कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांचा विस्तार करत वाजवायची रचना, पुन्हा मुळापासून बसवायला घेतलाय. चंद्रकंस रागातला तीनतालाचा लेहरा (साथीला फिरत राहणारी धून) मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत लावला की चौगुण (एका मात्रेत चार बोल) नीट जायची, ७२ ला हात आवळायचे. वर्षभर मी रोज पाऊण तास अख्खा कायदा पलट्यांसकट (त्याच बोलांची उलटापालट करून केलेल्या विस्तारांसकट) तिहाईपर्यंत (तीनदा वाजवून संपवायच्या शेवटच्या तुकड्यापर्यंत) वाजवत होते. घाम यायचा, रियाज झाल्याचं समाधान मिळायचं, कायदा तिथेच.

पहिल्या आठवड्यात मोबाईलवर फक्त उजव्या हाताचा व्हिडिओ काढला आणि वेग कमी करून पाहिला. अडत होतं 'धातेटे धातेटे धाधा' या पलट्यात. 'ते' मधल्या बोटाचा, 'टे' तर्जनीचा शाईवर (मधल्या काळ्या वर्तुळावर), आणि लगेचचा 'धा' त्याच तर्जनीचा चाटेवर (काठावर). एकाच बोटाला सलग दोन आघात, तेही जागा बदलून! माझी तर्जनी 'टे' वाजवून शाईवर क्षणभर टेकून राहत होती. मुखात (कायद्याच्या मूळ ओळीत) ही उडी आठ अक्षरांत एकदाच येते, म्हणून निभावून जायचं. पलट्यात ती दोनदा येते.

मग पाऊण तासाची मांडणीच बदलली. आधी पाच मिनिटं हातावर ताल धरून पढंत (बोल तोंडाने म्हणणं). मग हात ताजे असताना पंधरा मिनिटं फक्त 'तेटेधा', अगदी ठायीत (संथ लयीत). सलग पाचदा स्वच्छ आलं तरच लय चारने वाढवायची, अडलं की मागच्या लयीत परत. दोन मिनिटं हात मांडीवर सैल. त्यानंतर तो तुकडा पलट्यात, पलटा कायद्यात. शेवटी मनासारखा रेला (जलद, अखंड वाहणारी रचना), कारण तबल्यावरून उठताना हाताला गोडी राहायला हवी.

तिसऱ्या आठवड्यात सरांनी रेकॉर्डिंग ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "खालीत डग्गा बोलतोय." खरंच होतं. खाली म्हणजे 'तातातेटे'चा भाग, तिथे डग्गा (डाव्या हाताचा तबला) गप्प हवा. डावा तळहात मी पुडीवर (डग्ग्याच्या कातड्यावर) टेकवतच नव्हते, त्यामुळे 'धाधा'ची आस (घुमत राहणारा नाद) 'तूना' ओलांडून 'ताता'त शिरत होती. आता 'तूना ताता' हा सांधा वेगळा काढून घोटतेय. खाली कोरडी वाजली की पुढचा 'धाधाधीना' कसा उजळतो, ते ऐकताना फार आनंद होतो.

आज मुख ७६ ला स्थिर आहे, पलटा ६८ ला. ज्यांचा दिल्लीचा हात पक्का बसलाय त्यांनी सांगा: 'टे'नंतर तर्जनी बोटातून उचलता, की मनगटातून वळवता?